घट्ट दबलेल्या मातीमुळे रस्त्याकडेच्या झाडांची वाढ खुंटते का?
होय, खुंटते, आणि नुसते पाणी वाढवून ती सुधारत नाही, कारण मूळ अडचण मातीतल्या पोकळ्यांची असते. चांगल्या मातीचा साधारण ५० टक्के भाग हवा आणि पाणी सामावणाऱ्या पोकळ्यांचा असतो. रोलर, वाहने आणि पावले यांच्या दाबाने त्यांतल्या मोठ्या पोकळ्या आधी मिटतात, मुळांना प्राणवायू कमी पडतो आणि मातीचा रोध, म्हणजे आत शिरणाऱ्या मुळाला होणारा विरोध, २ मेगापास्कलच्या (दाब मोजण्याचे एकक) पुढे गेला की बहुतेक मुळांना आत शिरणेच अवघड होते. मग ती फरशीखालच्या मोकळ्या फटीत पसरून लाद्या उचलतात, ज्याचा दोष उगाच झाडाला दिला जातो. ओलसर मातीतही स्क्रूड्रायव्हर हाताने दाबून बोटभर जात नसेल, तर माती दबलेली आहे असे समजावे. मात्र वाळूमिश्रित मातीत हा त्रास चिकणमातीपेक्षा कमी जाणवतो.