लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला बदली झालेल्या नाशिककरांसाठी

नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस मिळते, पण नावावर जाऊ नका. ती एर्नाकुलमलाच संपते. पुढे कोचीहून जहाज. आधी प्रवेश परवाना, मगच तिकीट. पावसाळ्यात समुद्र खवळतो, फेऱ्या रद्द होतात. दोन महिन्यांची औषधं आणि जादा चष्मा जवळ ठेवा. मल्याळम कामापुरती शिकाच.

खरी गोम पाण्याची. विहिरीतलं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. मोटर लावून भसाभस उपसलंत की खालचं खारं वर येतं, मग पावसाचीच वाट पाहायची. बादलीने, थोडं थोडं काढा. नारळ आणि मासळी सोडली तर बहुतेक सगळं जहाजानेच येतं, त्यामुळे भाजी दिसली की घ्या. आणि हो, तिथे दारूबंदी आहे. आपली नाशिकची वाइन भेट म्हणून नेऊ नका!