पेलाला यावं का? एडिसनहून विचारणाऱ्या ताईंना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला आयोवातल्या पेला गावात, यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची ऑफर आहे. तो एच-१बीवर, म्हणजे कंपनीने दिलेल्या कामाच्या व्हिसावर, तुम्ही एच-४ ईएडीवर, म्हणजे त्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर घरून काम करता, मुलगी तिसरीत, सासूबाई वर्षातले सहा महिने येऊन राहतात आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सगळं नीट बसलंय. थंडी किती, किराणा कुठे, लोक कसे आणि 'आम्ही तिथे वेडे होऊ का', हे तुम्ही विचारलंत. मी पेलातच राहते, दहा वर्षं उलटून गेली. सगळ्याचं सांगते, पण जे तुम्ही विचारलं नाहीत तिथून सुरू करते, कारण माझ्या मते निर्णय तिथेच आहे: नोकरी गेली तर काय?

एडिसनमध्ये नोकरी गेली की माणूस लिंक्डइन उघडतो. घर, शाळा, मैत्रिणी जागेवर राहतात, फक्त ट्रेन बदलते. पेलाची वस्ती दहा हजारांच्या आसपास, आणि त्यात मोठ्या कंपन्या दोन. व्हर्मियर १९४८ची. एका शेतकऱ्याने सुरू केली, गवताचे मोठे गोल गठ्ठे बांधणारं बेलर तिने १९७१ मध्ये आणलं, आज जमिनीखालून आडवं भोक पाडून केबल टाकणारी यंत्रंही करते. दुसरी पेला कॉर्पोरेशन, खिडक्या-दारांची, १९२५ची. यातली एक सुटली आणि दुसरीत जागा नसली, तर पुढची नोकरी आयोवाची राजधानी डे मॉइन, सीडर रॅपिड्स नाहीतर थेट दुसऱ्या राज्यात. एच-१बीवाल्याला मुदत ६० दिवसांची, आय-९४, म्हणजे देशात राहायच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. म्हणजे दोन महिन्यांत नोकरी, घर, शाळा, तिन्ही हलवायचं.

भीती घालत नाहीये, पण शेतीच्या यंत्रांचा धंदा मक्याच्या भावाबरोबर वर-खाली होतो हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. २०२४ मध्ये पिकांचे भाव उतरले, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर-कंबाइनची खरेदी लांबवली आणि जॉन डिअरने आयोवातल्या कारखान्यांतून शेकडो माणसं कमी केली. पुण्याच्या मगरपट्ट्यातल्या डिअरमधून इथल्या डिअरच्या गावांना, वॉटर्लूला किंवा मोलीनला, आलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांच्याशी एकदा जरूर बोला. ते वर्ष त्यांनी जवळून पाहिलंय.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. तुमच्याकडे ईएडी आहे म्हणजे बहुधा सध्याच्या कंपनीची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली याचिका, मंजूर झालेली असणार. मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील तर जुन्या कंपनीने ती मागे घेतली तरी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, हातात राहते आणि तुमच्या ईएडीचा आधारही. झाले नसतील तर जॉइनिंगची तारीख तेवढी पुढे ढकलून घ्या. पर्म, म्हणजे आय-१४०च्या आधी श्रम खात्याकडून घ्यायची मंजुरी, मात्र नव्या कंपनीला पहिल्यापासून करावं लागेल. वकिलाकडून हे लेखी घ्या, नवऱ्याच्या मित्राकडून नको.

आता गाव. १८४७ मध्ये हेंड्रिक स्कोल्टे नावाचे पाद्री आठएकशे डच माणसं घेऊन इथे आले, हॉलंडातल्या सरकारी चर्चशी पटत नव्हतं म्हणून. त्याची छाप अजून आहे. मध्यवस्तीतल्या दुकानांचे दर्शनी भाग डच पद्धतीचेच ठेवावे लागतात, चौकात पवनचक्की आहे, आणि मेच्या सुरुवातीला ट्युलिप टाइम हा गावचा उत्सव असतो. तेव्हा अख्खं गाव डच पोशाखात आणि लाकडी बुटांत, परेडच्या आधी बायका-पुरुष-पोरं बादल्या आणि खराटे घेऊन रस्ता घासतात. रस्ता आधीच स्वच्छ असतो, तरी घासतात. शाळेतली मुलं डच नाच बसवतात, आणि तुमची मुलगी त्यात असेल तर तिचा तो टोपीवाला पोशाख तुम्हालाच शिवावा नाहीतर शोधावा लागणार. त्या निमित्ताने ज्या बायका भेटतात त्याच पुढे उपयोगी पडतात, म्हणून नाही म्हणू नका.

पहिल्या महिन्यात तुम्हाला किमान पाच जण विचारतील, 'कोणत्या चर्चला जाता?' एडिसनहून आल्यावर हा प्रश्न टोचतो. त्यात बहुतेक वेळा खोच नसते. आपण 'मूळचे कुठले' विचारतो तसं ते विचारतात, कारण गावातलं निम्मं सामाजिक आयुष्य चर्चमधूनच चालतं. 'आम्ही हिंदू आहोत, देऊळ मॅड्रिडला आहे' एवढं हसून सांगितलं की पुरतं (हे मॅड्रिड आयोवातलंच, डे मॉइनच्या पलीकडचं). कुणी आमंत्रण देईल, एकदा गेलात तरी चालेल, नाही गेलात तरी चालेल. रविवारी सकाळी लॉनमोअर मात्र काढू नका. कायदा नाही, पण जुन्या घरांतल्या आजी-आजोबांना खटकतं. रविवारी बरीच दुकानंही बंद असतात.

मदत आणि मैत्री या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आधी कळलेलं बरं. बर्फ पडला की शेजारी न विचारता स्नोब्लोअर तुमच्या ड्राइव्हवेवरून फिरवून जाईल. गाडी खड्ड्यात गेली तर तिसरा पिकअपवाला दोर घेऊन थांबेल. पण घरी जेवायला बोलावतील? त्याला वेळ लागतो. त्यांचे मित्र बालवाडीपासूनचे, चुलत-मावस भावंडं चार गल्ल्यांत, रविवारचं जेवण आईकडे. जागाच शिल्लक नसते हो. तुसडेपणा म्हणून ते मनाला लावून घेतलंत तर पहिल्या वर्षीच परत जाल.

यात नवऱ्याचं भागतं, त्याला ऑफिसात माणसं मिळतात. घरात लॅपटॉपसमोर तुम्ही बसणार आहात. मी इथून निघून गेलेली जी आपली कुटुंबं पाहिली, त्यांतली बहुतेक घरी बसणाऱ्या व्यक्तीमुळे गेली, थंडीमुळे क्वचितच. म्हणून येण्याआधीच ठरवा की आठवड्यातून दोनदा तुम्ही घराबाहेर कशासाठी पडणार. ग्रंथालय आहे, शाळेत मदतनीस आई-बाबा नेहमीच कमी पडतात, १९००चं ऑपेरा हाऊस आहे, तिथे कार्यक्रम होतात, सेंट्रल कॉलेजमध्येही. गावातून रेड रॉक तलावाकडे जाणारा फोक्सवेग नावाचा पायरस्ता आहे, मे ते ऑक्टोबर तिथे चालणाऱ्या बायकांचे गट दिसतात.

पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचं जेवण, चुकत नाही, त्यामुळे त्याचंही सांगते. टेबलावर 'सॅलड' म्हणून जे येतं त्यात सफरचंदाच्या फोडी, कापलेले स्निकर्सचे बार, व्हॅनिला पुडिंग आणि कूल व्हिप, म्हणजे डब्यातलं फेटलेल्या क्रीमसारखं गोड, असतं. ते खरोखर सॅलडच्या रांगेत ठेवतात. शेजारची हलणारी हिरवी जेली शाकाहारी नसते, जिलेटिन असतं. फरसबीच्या कॅसरोलमध्ये बेकन असू शकतं, विचारून घ्या. आपण काय न्यावं? पोहे, उपमा उचलले जात नाहीत. कोथिंबीर वडी आणि कमी तिखट बटाटेवडा दहा मिनिटांत संपतो. भांड्याच्या तळाला मास्किंग टेप लावून नाव लिहायचं, नाहीतर तुमचा पायरेक्स कुणाच्या तरी तळघरात जाईल. आणि कुणाचं भांडं आलं की रिकामं परत न करण्याची आपली सवय इथे फार कामी येते.

किराणा: गावात दूध, पालेभाज्या, फळं उत्तम. डाळी, पीठ, मसाले, भेंडी यांसाठी डे मॉइनच्या पश्चिम उपनगरांत, जाऊन-येऊन अर्धा दिवस. दोन-तीन आठवड्यांतून एक फेरी, मोठा फ्रीझर, आणि कढीपत्ता कुंडीत. देऊळ डे मॉइनच्याही पुढे असल्यामुळे शनिवारी दोन्ही एका फेरीत होतं. फेअरफिल्ड हे इथून सव्वा तासावरचं गाव एकदा बघाच. महर्षी महेश योगींच्या लोकांनी १९७४ मध्ये तिथलं बंद पडलेलं कॉलेज घेऊन विद्यापीठ थाटलं. मक्याच्या शेतांमध्ये सोनेरी घुमट, पूर्वाभिमुख घरं आणि शाकाहारी जेवण. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही हमखास नेतो.

थंडी. जानेवारीत शून्याखाली फॅरनहाइट जातंच, वारा धरला तर आणखी वाईट. कपड्यांनी ते निभावतं. सांभाळायचा तो रस्ता. पेलाहून डे मॉइनला जाणारा १६३ चौपदरी आणि चांगला आहे, पण दोन्ही बाजूंना उघडी शेतं. बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी आभाळ निळंशार, ऊन लख्ख, आणि वाऱ्याने शेतावरचा भुसभुशीत बर्फ रस्त्यावरून असा वाहतो की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. निघण्याआधी राज्याचं ५११ ॲप बघायचं, 'प्रवास टाळा' असेल तर घरी बसायचं. ऑफिसात त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. गाडीत घोंगडी, फावडं, सुकामेवा. एवढ्याचसाठी मी लोकांना 'नोकरी पेलात, घर वॉकीत', म्हणजे डे मॉइनच्या पश्चिम उपनगरात, हा बेत सुचवत नाही. उपनगरच हवं असेल तर १६३च्या बाजूचं प्लेझंट हिल किंवा अल्टूना बघा. तो पर्याय प्रामाणिक आहे, आणि नोकरी गेली तर डे मॉइनही हाताशी राहतं.

वादळाचं विचाराल म्हणून: १९ जुलै २०१८ला टोर्नेडो थेट व्हर्मियरच्या कारखान्यावर आला. इमारती उडाल्या, काही जण जखमी झाले, पण जीव कुणाचा गेला नाही, कारण लोक वेळेत आसऱ्याच्या खोल्यांत गेले. तळघर नसलेलं घर घेऊ नका. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आसऱ्याची जागा कुठली ते पहिल्याच दिवशी विचारा. रात्री भोंगा घरात ऐकू येईलच असं नाही, हवामानाचा रेडिओ उशाशी ठेवा.

घर घेताना दोन गोष्टी एडिसनवाल्यांच्या लक्षात येत नाहीत. पहिली रेडॉन. आयोवातल्या ९९च्या ९९ काउंट्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहेत. जमिनीतून येणारा हा किरणोत्सर्गी वायू तळघरात साठतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. चाचणी करून घ्या. लिटरभर हवेत ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) किंवा त्याहून जास्त आकडा आला तर फरशीखालून छपरापर्यंत पाइप आणि पंखा बसवतात, हजार-दोन हजार डॉलरचं काम, आणि ते बहुधा विकणाऱ्याच्या गळ्यात घालता येतं. दुसरी वास. या राज्यात माणसं ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. शरदात पिकं निघाली की डुकरांच्या शेडखालच्या खड्ड्यांतलं खत शेतात घालतात, ते काही दिवस खिडक्या बंदच. घर गावाच्या कडेला असेल तर आसपासच्या डुकरांच्या शेड राज्याच्या नकाशावर बघा आणि वारा कुठून येतो ते शेजाऱ्याला विचारा.

'प्रेअरी' या शब्दावर भाळून येत असाल तर, ती उरलेली नाही. आयोवाचा सुमारे ८० टक्के भाग कधीकाळी उंच गवताचा होता, आता त्यातला हजारात एक भागही शिल्लक नाही, सगळा मका आणि सोयाबीन. प्रेअरी सिटीजवळच्या नील स्मिथ अभयारण्यात ते गवत पुन्हा पेरून बायसन सोडलेत. सप्टेंबरात पुरुषभर उंच झालेलं ते गवत बघण्यासारखं असतं.

मुलीबद्दल: शाळा चांगल्या, शिक्षक मनापासून लक्ष घालणारे. वर्गात सावळी ती एकटी किंवा दुसरी असेल. छळ मी पाहिलेला नाही, पण 'इंडियन मुलगी' ही पाटी बराच काळ राहते आणि तेरा-चौदाव्या वर्षी ती जड होते. गणितात पुढे असेल तर आयोवा सिटीच्या विद्यापीठातल्या बेलिन-ब्लँक सेंटरचे कार्यक्रम बघा, हुशार मुलांसाठी ते देशात नावाजलेलं आहे. सासूबाईंना मे ते सप्टेंबर आणा. एडिसनच्या ओक ट्री रोडवर, आपल्या दुकानांच्या गर्दीत एकट्या फिरायची सवय असलेल्या बाईला पेलातला जानेवारी म्हणजे शिक्षा आहे.

मग यावं का? भाड्याने राहणार असाल, तुमचं काम तुमच्याबरोबर येणार असेल आणि नोकरी गेली तर हलायची तयारी असेल, तर जरूर या. गाव चांगलं आहे आणि मी स्वतः सोडून जायच्या विचारात नाही. तीनपैकी एकही डळमळीत असेल तर डे मॉइनमध्ये नोकरी शोधायला सांगा.

कंपनी गाव बघायला बोलावेल तेव्हा ट्युलिप टाइम गाठू नका, फेब्रुवारीतला एखादा मंगळवार मागा आणि दोघंही या. भाड्याची घरं गावात कमी आहेत, तेव्हा सहा महिन्यांच्या भाड्याच्या घराची सोय कंपनीने लावून द्यावी असं आत्ताच म्हणा. नवऱ्याने लेखी विचारायचं: पर्म जॉइन झाल्यावर किती महिन्यांत सुरू करणार, आणि वर्षाच्या आत नोकरी त्यांनीच संपवली तर स्थलांतराचे पैसे परत मागणार का. आणि तुम्ही तुमच्या एचआरला आजच विचारा की आयोवातून काम केलेलं चालेल का. पगारासाठी कंपनीला त्या राज्यात नोंदणी करावी लागते, आणि बऱ्याच लहान कंपन्या तिथे नाही म्हणतात.