दिलेल्या अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधताना

आधी एक गोष्ट नक्की करा: अक्षरं त्याच क्रमानं सलग हवीत, की शब्दात कुठेही असली तरी चालतील? नवे लोक इथेच गोंधळतात, कारण दोन्हींची शोधायची रीत वेगळी आहे.

क्रम मोकळा असेल तर सगळ्यात दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करा. स्क्रॅबल या अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळाच्या इंग्रजी संचात 100 सोंगट्यांपैकी ‘ई’च्या 12, तर ‘क्यू’ची फक्त 1 असते. म्हणून ‘ई, एक्स, क्यू’ दिलं असेल, तर ‘ई’च्या मागे लागून काहीच हाती लागणार नाही. ‘क्यू’ धरा. त्याच्यापुढे बहुतेक वेळा ‘यू’ येतो, म्हणजे एक जोडी आयती मिळाली. मग एक्सक्विझिट, एक्सचेकर हे शब्द सुचायला लागतात. एक्सचेकर मला फार आवडतो, उच्चारावरून त्यात ‘क्यू’ असेल असं वाटतच नाही! उच्चारावर विसंबू नका, स्पेलिंग डोळ्यांसमोर आणा.

दिलेली सगळी अक्षरं वापरून शब्द करायचा असेल, तर ती कागदावर गोलात लिहा. रांगेत लिहिली की डोळा तोच क्रम धरून बसतो. ‘आयएनजी’, ‘ईआर’ असे शेवट आधी बाजूला काढून पाहा.

संगणकावर शब्दयादी असेल तर प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमानं लावून ठेवा. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल या चौघांचा साचा तंतोतंत एकच निघतो. एखादं अक्षर दोनदा दिलं असेल, तर तेही दोनदा मोजायचं.