डिश मागवण्याआधी आभाळ बघा

प्रश्न : आम्ही नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर राहतो. घरात मोबाइलला रेंज येत नाही. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते. व्हिडिओ उतरवून घ्यायला तिला रोज टेकडीवर जावं लागतं. माझा भाऊ कॅनडात असतो. तो म्हणतो, 'दिवाळीला येताना स्टारलिंकची, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीची, डिश घेऊन येतो.' आणू द्यावी का? - एक आई

उत्तर : ताई, टेकडीवर गेलात की पहिला फोन भावाला करा आणि डिश आणू नकोस म्हणून सांगा. उपग्रहाशी थेट जोडणारं यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. सॅटेलाइटवर चालणारी यंत्रं सोबत आणली म्हणून गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी अडकले आहेत. भावाची माया खरी, पण त्यापायी त्याच्यामागे पोलिसांचा ससेमिरा नको.

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, जुलैत इन-स्पेसची, म्हणजे अंतराळातल्या खासगी कामांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी आली. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनं कंपनीसोबत इरादापत्र, म्हणजे एकत्र काम करण्याची तयारी दाखवणारं पत्र, केलं, त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्याबरोबर तुमचा नंदुरबारही आहे. जोडणी घ्यायची ती इथल्या परवान्यावर, इथल्याच पत्त्यावर घ्या.

आता मुलीचं बघू. माझी दूरसंचारातली सगळी नोकरी डोंगरातल्या टॉवरांवर गेली. अभ्यासासाठी पोरीला टेकडी चढावी लागते हे वाचून अजूनही जीव तुटतो. इस्रोच्या जीसॅट-११ सारख्या उपग्रहांवरून चालणारी व्हीसॅट सेवा, म्हणजे छोट्या डिशवरून मिळणारं इंटरनेट, देशात आधीपासून आहे. हा उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. आपण काही विचारलं की ते वर जातं, खाली येतं आणि उत्तरही तसंच वर जाऊन परत येतं. हा सगळा प्रवास जवळजवळ दीड लाख किलोमीटरचा, म्हणजे प्रकाशाच्या वेगानंही अर्धा सेकंद गेला. रेकॉर्ड केलेला तास बघताना किंवा प्रश्नपत्रिका उतरवताना हा उशीर जाणवतही नाही. जाणवतो तो सरांना थेट शंका विचारताना, कारण दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, तिथे ही अडचण नाही. मुलीचा अभ्यास मुख्यतः रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंवर असेल, तर व्हीसॅटची चौकशी आत्ताच करायला हरकत नाही. मात्र महिन्याचा डेटा संपल्यावर वेग किती उरतो, हे कंपनीला आधी विचारा आणि लेखी घ्या. खरी मेख तिथेच असते.

आणि अंगणात उभं राहून आभाळ बघा. व्हीसॅटची डिश दक्षिणेकडे तोंड करून एकाच जागी रोखलेली असते, त्यामुळे तेवढी बाजू मोकळी असली तरी भागतं. स्टारलिंकसारख्या कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांना मात्र चहूबाजूंनी बरंच आभाळ लागतं. तुमच्याकडे घराला लागून साग नाहीतर मोह असणारच. पान आड आलं की दर थोड्या वेळानं जोडणी तुटते. त्यासाठी झाड तोडू नका, डिश उंच खांबावर चढवा. वीज पडायचा तुमचा भाग, तेव्हा खांबाला अर्थिंग हवंच. मुसळधार पावसात दोन्ही सेवा अडखळतात, त्यावर घरच्या घरी इलाज नाही.

विजेचंही गणित बघा. स्टारलिंकची नेहमीची डिश ७५ ते १०० वॅट घेते. दिवसरात्र चालू ठेवली तर दोन युनिटांच्या आसपास जळतात. १५० अँपिअर-अवरची नवी बॅटरी असेल, तर इन्व्हर्टरवर दहा तास निघतील. पण त्यावर पंखे चालवायचे नाहीत.

पण पैसे भरण्याआधी एकदा ग्रामपंचायतीत जा. भारतनेट या ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट पोचवणाऱ्या सरकारी योजनेची फायबर तिथवर आली आहे का, ते विचारा. आली असेल आणि बंद पडून असेल, तर ती सुरू करून घ्या म्हणून ग्रामसभेत अर्ज द्या. पाड्यावर आणखीही मुलं शिकत असतील, त्यांच्या आयांच्या सह्या घ्या. चालू फायबर जवळ असताना एकट्या घरानं उपग्रहाचा खर्च उचलावा असं मला वाटत नाही. फायबर पोचलेलीच नसेल, तर आधी शाळेसाठी स्टारलिंकची जोडणी मागा. सरकारी संस्था आणि ग्रामीण वस्त्या त्या इरादापत्रात आहेत, अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.