मे महिन्यात सलालाचा धबधबा दिसेल का?

विचारा, सांगते : प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही भांडुपला राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत मस्कतला दिरांकडे दहा दिवस जायचं ठरतंय. बरोबर सासूबाई (वय 71) आणि मुलगा (वय 9). दिरांनी एक व्हिडिओ पाठवलाय. ओमानमधल्या सलालाजवळ कड्यावरून प्रचंड धबधबा कोसळतोय आणि खाली ‘मे’ असं लिहिलंय. ट्रॅव्हल एजंटही म्हणतो, “सलालाचा सीझन उन्हाळ्यातच असतो, मेमध्ये बिनधास्त जा.” वाळवंटात भर उन्हाळ्यात खरंच धबधबा असतो का? आणि सासूबाईंना झेपेल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : सलालाची तिकिटं अजून काढली नसतील तर थांबा. मे महिन्यात तुम्हाला तिथे धबधबा दिसणार नाही. कडा दिसेल, कोरडा ठणठणीत.

व्हिडिओ खोटा नसावा. 25 मे 2018 ला ‘मेकुनू’ हे चक्रीवादळ सलालाजवळ किनाऱ्याला धडकलं. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पाहणाऱ्या त्या शहरावर काही वर्षांचं पाणी दोन-तीन दिवसांत ओतलं. तेव्हा सलालाजवळच्या वादी दरबात या दरीचा अख्खा कडा वाहत होता आणि त्याचे व्हिडिओ अजून फिरत असतात. तुमच्याकडचा व्हिडिओ नीट बघा. पाणी चहासारखं मातकट असेल तर तो बहुतेक त्याच पुराचा. त्या पुरात माणसं गेली, रस्ते वाहून गेले. त्याच्या भरवशावर सहल आखू नये.

एजंटचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि घोटाळा ‘उन्हाळा’ या शब्दात आहे. आपला उन्हाळा मृग लागला की संपतो. आखातात उन्हाळा म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि सलालाचं पाणी त्याच उन्हाळ्यातलं. या मोसमाला तिथे ‘खरीफ’ म्हणतात, सरकारी हिशेबाने साधारण 21 जून ते 20 सप्टेंबर. आपल्या सातबाऱ्यावरचा ‘खरीप’ तो हाच शब्द. अरबीत त्याचा मूळ अर्थ शरद ऋतू.

मी पहिल्यांदा गेले ती 2016 साली, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आईला घेऊन. मलाही कुणीतरी ‘उन्हाळ्यात जा’ एवढंच सांगितलं होतं. दरबातच्या कड्यासमोर उभं राहिलो तर पिवळट दगडावर मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तसे चुन्याचे थर, आणि त्यावर पाण्याचा एक थेंब नाही. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अगं, हा तर मे महिन्यातला माळशेज.” तिचं बरोबर होतं. मेमध्ये माळशेजला धबधबा बघायला आपण कुणाला पाठवू का?

आता वाळवंटात पाणी येतं कुठून ते सांगते, कारण ते कळलं की तारखा आपोआप ठरतात. मुंबईवर पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे धोफारच्या, म्हणजे सलाला ज्या प्रांतात आहे त्याच्या, किनाऱ्याला लागून वाहतात. त्यांच्या जोराने किनाऱ्याजवळचं वरचं पाणी समुद्रात ढकललं जातं आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. त्या थंड पाण्यावरून दमट हवा गेली की तिचं धुकं होतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर बाहेरून पाणी धरतं ना, तसंच. हे धुकं किनाऱ्यामागच्या डोंगरांना जाऊन अडतं. वर मात्र वाळवंटातल्या तापलेल्या हवेचं झाकण बसलेलं असतं, त्यामुळे ढग उंच चढत नाहीत आणि आपल्यासारखा मुसळधार पाऊस पडत नाही. पडते ती भुरभुर. डोंगरातली झाडं पानांवर धुकं धरतात आणि ते थेंबाथेंबाने मुळाशी गळतं. चुनखडीचा डोंगर ते पितो आणि खाली झऱ्यांतून सोडतो. हे सगळं व्हायला आठवडे लागतात. म्हणूनच 21 जूनला खरीफ ‘सुरू’ झाला तरी लगेच धबधबा मिळत नाही. जुलैच्या मध्यापर्यंत डोंगर हिरवे होतात, पाण्याला खरी रया ऑगस्टमध्ये येते. दरबातचा मोठा कडाही दर वर्षी सारखा वाहत नाही. एखाद्या वर्षी नुसत्या धारा, एखाद्या वर्षी भरभरून. हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, विशेषतः मुलाला.

तेव्हा माझा सल्ला असा : मेमध्ये मस्कतला जाणारच असाल तर जा, पण सलाला त्यात घालू नका. मस्कतला तेव्हा चाळिशीचं ऊन असतं, पण साधारण दोनशे किलोमीटरवरच्या वादी बनी खालिदमध्ये बारा महिने पाणी असतं. सकाळी लवकर निघा आणि ऊन चढायच्या आत पाण्याजवळच्या सावलीत बसा. वादी शाबचं नावही कुणी सुचवेल. तिथे गुहेत एक धबधबा आहे खरा, पण आधी होडीने पलीकडे जायचं, मग दगडांतून पाऊणएक तास चालायचं आणि शेवटी पोहत आत शिरायचं. मेच्या उन्हात हे सासूबाईंना नको आणि नऊ वर्षांच्या मुलालाही नको. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. वादी म्हणजे नदीचं पात्र, बहुतेकदा कोरडं. डोंगरात कुठेतरी लांब पाऊस झाला आणि तुमच्या डोक्यावर निळं आकाश असलं, तरी पाण्याचा लोंढा येऊ शकतो. ढग दिसले किंवा पावसाचा इशारा असला तर वादीत उतरू नका. पाण्याने भरलेला रस्ता गाडीने ओलांडू नका. मग दिरांची गाडी कितीही उंच असो.

सलालासाठी 15 ऑगस्टला जोडून चार-पाच दिवस काढा. शाळा बुडेल थोडी, बुडू दे. मस्कत ते सलाला रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर आहे आणि जवळजवळ सगळं सपाट वाळवंट. सासूबाईंना घेऊन हा रस्ता नको, विमानाने दीडएक तासात पोचता. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवारी सुट्टी असते. आखातभरातून लोक गाड्या घेऊन येतात, आणि त्या दोन दिवशी दरबातच्या रस्त्यावर दादरच्या फुलबाजारासारखी गर्दी होते. रविवार ते बुधवार बघा, हॉटेल आधीच ठरवा.

सासूबाईंना काय झेपेल? दरबातला गाडी तळ्याजवळपर्यंत जाते, चढण नाही. शहराजवळच्या ऐन रझातला तर बागच आहे, बाकांवर बसून झरा बघता येतो. (‘ऐन’ म्हणजे झरा. डोळ्यालाही तोच शब्द.) ऐन अथूमचा धबधबा मुलाला आवडेल, पण तिथले दगड शेवाळाने निसरडे असतात, सासूबाईंनी अलीकडेच थांबावं. दरबातच्या पाण्यात कुणीच उतरू नका, पायसुद्धा बुडवू नका. तिथल्या गोगलगाईंमधून बिल्हार्झिया नावाचा परजीवी अंगात शिरतो. समुद्रही खरिफात खवळलेला असतो, त्यात पोहायचं नाही. रेनकोटपेक्षा पातळ स्वेटर उपयोगी पडेल, कारण दिवसाही हवा पंचविशीच्या आसपास आणि सगळं अंग ओलसर. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. डोंगरावर धुकं इतकं दाट होतं की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसतात, म्हणून अंधार पडायच्या आत खाली शहरात या.

खाण्याची काळजी नको. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया मांडलेल्या टपऱ्या आहेत. आपण रत्नागिरीच्या वाटेवर आहोत असंच वाटतं.

आणखी एक. मुंबईचा माणूस ती भुरभुर बघून म्हणतो, ‘हा काय पाऊस?’ माझ्याही मनात ते आलं होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आईला पुन्हा घेऊन गेले. कड्यावरून तेव्हा सात-आठ पांढऱ्या धारा पडत होत्या. आमच्या शेजारी गवतावर चटई अंथरून एक कुटुंब बसलं होतं, बहुधा आखातातल्याच दुसऱ्या देशातलं. छत्री नव्हती. आजोबांनी थर्मासमधून छोट्या पेल्यात कॉफी ओतली, पेला खाली ठेवला आणि दोन्ही तळवे वर करून नुसते धरून ठेवले. हातावर धुक्याचे बारीक थेंब जमत होते. पुरेसे जमल्यावर त्यांनी ते तोंडावरून फिरवले आणि पुन्हा हात पुढे केले. कॉफी तशीच निवत होती. आईने छत्री मिटली ती हॉटेलवर येईपर्यंत उघडली नाही.

सासूबाईंना तिथे घाई करू नका. एका दिवसात पाच ठिकाणं दाखवणारा गाडीवाला भेटेल, त्याला दोनच ठिकाणं सांगा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, फोटोंचा नाद आहे. गणपती आटोपल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी सलालाला गेलो तर उशीर होईल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : फोटोंसाठी तर हाच काळ बरा. 21 सप्टेंबरनंतरच्या मोसमाला तिथे ‘सर्ब’ म्हणतात. धुकं उठतं, आकाश निवळतं आणि डोंगर मात्र अजून हिरवे असतात. ऑगस्टमध्ये भिंग दर दोन मिनिटांनी पुसावं लागतं आणि समोर सगळं पांढरंच दिसतं. पाऊस बरा झाला असेल तर दरबातचं पाणी तेव्हाही टिकून असतं. मात्र ऑक्टोबर पुढे सरकला की गवत पिवळं पडू लागतं, म्हणून फार लांबवू नका. गाडी जपून हाका, उंट रस्त्यात उभे राहतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत.

एक दिवस डोंगर ओलांडून थुमरैतच्या बाजूला नक्की जा. घाटमाथ्यावर हिरवं एकदम संपतं आणि रखरखाट सुरू होतो. त्या कोरड्या बाजूला वादी दौकामध्ये धुपाची झाडं आहेत. त्यांना खरिफाची ओल फारशी मानवत नाही, धुकं पोचत नाही तिथे ती चांगली वाढतात. 2000 साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. तिथे धुपाला ‘लुबान’ म्हणतात, आपला ‘लोबान’ त्याच घरातला. सालीवर चीर दिलेली असेल तिथे चिकाचे दुधाळ थेंब सुकून अडकलेले दिसतील. फोटो काढायला सकाळचं तिरपं ऊन घ्या, थेंबातून उजेड आरपार जातो. खरवडून मात्र काढू नका, त्या झाडांना मालक आहेत.