१००० पॉइंटचा बायनरी वेव्हफॉर्म पाठवला की सिग्नल जनरेटर एरर का देतो?

तुम्ही लिहिलंय की पॉइंट १०००, प्रत्येक १६ बिटांचा, आणि डेटाच्या आधी #४१००० जोडलंय. घोळ तिथंच आहे. त्या जागी बाइट मोजायचे असतात. एका पॉइंटचे दोन बाइट, म्हणून #४२०००. हॅशनंतरचा ४ म्हणजे पुढची संख्या चार अंकी आहे, एवढंच. तुमच्या हेडरवर, म्हणजे डेटाआधीच्या या आकड्यावर, विश्वास ठेवून जनरेटर ५०० पॉइंट मोजून घेतो आणि पुढचं सगळं त्याला आगंतुक वाटतं. आमच्या सोलापुरात टॉवेलच्या गठ्ठ्यावर नगांच्या जागी डझनांचा आकडा पडला की गोदामात असाच तमाशा होतो.

पण एवढ्यावर सुटाल असं नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे सेन्सर तपासायला ॲजिलेंटचा ३३२२०ए सिग्नल जनरेटर वापरतो. माझं हेडर बरोबर होतं, तरी 'व्हॅल्यू रेंजबाहेर'. त्याची मर्यादा −८१९१ ते +८१९१, आणि माझा ॲरे तर आतच! अर्धा दिवस आकडे छापून बघण्यात गेला. शेवटी कळलं, बाइटांचा क्रम उलटा. आपला पीसी आकड्याचा छोटा (कमी किमतीचा) बाइट आधी पाठवतो, हे यंत्र मोठा (जास्त किमतीचा) आधी मागतं. त्यामुळं मी ३२ पाठवला की तिकडं ८१९२ वाचला जायचा, मर्यादेच्या बरोब्बर एकानं पुढं. बाइट ऑर्डर 'स्वॅप' करायची कमांड यंत्रात आहे. नाहीतर पीसीवरच क्रम फिरवा.

पायथॉन असेल तर पायव्हायसा या यंत्रांशी बोलणाऱ्या लायब्ररीतलं बायनरी व्हॅल्यूज लिहिणारं फंक्शन वापरा. ते हेडर स्वतः लावतं, तुम्ही वर आणखी हॅश चिकटवू नका. डेटाटाइप 'एच' (स्मॉल, म्हणजे दोन बाइटांचा) द्या, न दिल्यास ते चार बाइटांचे फ्लोट पाठवतं. बिग-एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी, ट्रू करा. आणि डेटा स्ट्रिंगमध्ये कोंबून पाठवणं सोडाच. यूटीएफ-८ झालं की १२७ च्या वरच्या प्रत्येक बाइटाचे दोन होतात, मग मोजलेलं सगळं पाण्यात. प्रत्येक वेळी पाठवल्यावर यंत्राला एरर विचारायची सवय लावा, स्क्रीनकडं बघत बसू नका.

जमलं की लगेच कायमच्या मेमरीत कॉपी करा, चार वेव्हफॉर्म मावतात. व्होलाटाइल म्हणजे तात्पुरत्या मेमरीतलं वीज गेली की जातं, आणि आमच्याकडं वीज जाते.