पेटीतल्या बाळाच्या वतीने बोलताना

प्रश्न : माझी मुलगी २९व्या आठवड्यात जन्मली. जन्मवेळी तिचे वजन १,१४० ग्रॅम होते. गेले अठरा दिवस ती नवजात अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत आहे. नाकातल्या नळीतून तिला दाबाने हवा दिली जाते आणि दूधही नळीनेच पोटात जाते. डॉक्टर सतत बदलतात; एक म्हणतात दूध वाढवू, दुसरे म्हणतात थांबू. काही विचारले की "सगळे व्यवस्थित आहे, काळजी करू नका" एवढेच ऐकायला मिळते. परवा तिला छातीशी धरण्याविषयी विचारले, तेव्हा सिस्टर "आत्ता नको" म्हणाल्या. बाळ त्यांच्या हाती आहे, त्यांना दुखवू नकोस, असे सासूबाई आणि माझे पती दोघेही सांगतात, म्हणून मी गप्प बसते. मी विचारणे चुकीचे आहे का?

उत्तर : चुकीचे मुळीच नाही. आईने प्रश्न विचारले म्हणून बाळाची हेळसांड होईल, ही घरच्यांची भीती समजण्यासारखी आहे. परंतु नवजात विभागातील माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ती खरी ठरलेली मी पाहिलेली नाही. आणि "काळजी करू नका" हे वाक्य आम्ही डॉक्टर घाईत, सवयीने बोलून जातो. ते उत्तर नव्हे. ते ऐकून तुम्ही परत फिरलेच पाहिजे असे काही नाही.

अशा विभागात डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या पाळ्या बदलत राहतात. तुमच्या मुलीचे अठराही दिवस सलग पाहिलेली व्यक्ती तिथे बहुधा एकच आहे, आणि ती तुम्ही आहात. एका सकाळी एक आई मला म्हणाली, "आज हा माझे बोट धरत नाही." मॉनिटरवरचे आकडे ठीक होते, रंगही बरा दिसत होता. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरने ते वाक्य जसेच्या तसे फाइलमध्ये लिहिले, म्हणून आम्ही रक्त तपासणीला पाठवले आणि संसर्गाची सुरुवात झालेली निघाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला संसर्ग झाला की ताप येतोच असे नाही. बाळ मलूल होते, श्वास मध्येच थांबू लागतो, दूध पचेनासे होते. त्या आईने निदान सांगितले नव्हते, काल आणि आज यांतला फरक सांगितला होता. तुम्हीही तसेच सांगा. "मला काहीतरी वेगळे वाटते" एवढ्यावर न थांबता "कालपर्यंत लंगोट बदलताना ती पाय झाडायची, आज सकाळपासून झाडत नाही" असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला उठून बाळाकडे जावेच लागते. यासाठी एक छोटी वही ठेवा आणि त्यात वजन, दुधाचे प्रमाण, दिवसभरातले बदल आणि सुचलेले प्रश्न लिहीत जा.

डॉक्टरांचा राउंड, म्हणजे बाळांना तपासत फिरण्याची फेरी, किती वाजता असतो ते विचारून त्या वेळी पेटीजवळ थांबण्याची परवानगी मागा, आणि बाळाची अंतिम जबाबदारी कोणत्या डॉक्टरांकडे आहे त्यांचे नाव विचारून घ्या. रोज तीन गोष्टी विचारल्या तरी पुरे : आज उपचारात काय बदलले, ते का बदलले, आणि पुढे काय दिसले तर हा निर्णय बदलेल? यातला तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे. दुधाबाबत तुम्हाला जी परस्परविरोधी उत्तरे मिळाली, त्यांमागे कदाचित एकच विचार असेल; कारण पोट फुगणे, हिरवट उलटी होणे किंवा शीतून रक्त जाणे ही आतड्याच्या गंभीर दाहाची लक्षणे असू शकतात, आणि अशी शंका आली की दूध वाढवणारे डॉक्टरही थांबतात. तसे नसेल आणि दोघांची मते खरोखरच वेगळी असतील, तर तेही राउंडमध्ये सर्वांसमोर एकदा बोलले गेलेले बरे. या दाहाचा धोका आईच्या दुधाने कमी होतो, म्हणून चोवीस तासांत किमान आठ वेळा, त्यातही एकदा रात्री, दूध काढत राहा.

छातीशी धरण्याविषयी मी तुमच्या बाजूने थोडे ठामपणे बोलतो. बाळाला त्वचेला त्वचा लागेल असे छातीशी धरण्याची ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली, ती मुळात पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. आता ती केवळ अडचणीतली सोय राहिलेली नाही. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत जन्मवेळी १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या बाळांमध्ये ते १५.७ टक्के होते. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांना शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास छातीशी धरावे अशी शिफारस केली. नाकात हवेची नळी आहे, एवढ्याच कारणाने नकार देता येत नाही. मात्र रक्तदाब अस्थिर असेल किंवा श्वास वारंवार थांबत असेल, तर "आत्ता नको" हे उत्तर योग्यही असू शकते. म्हणून विचारा, "आत्ता म्हणजे केव्हापर्यंत, आणि तोवर मी काय करू शकते?" धुतलेला ऊबदार तळवा डोक्यावर आणि दुसरा पावलांशी, न चोळता, न थोपटता, नुसता स्थिर ठेवणे हेही बाळाला शांत करते.

घरच्यांना सांगण्यासारखी एक जुनी हकिगत आहे. ती घाबरवण्यासाठी सांगत नाही, कारण आता तसे घडत नाही. १९८५ साली अमेरिकेत एका अपुऱ्या दिवसांच्या बाळावर हृदयाजवळची रक्तवाहिनी बंद करण्याची शस्त्रक्रिया भूल न देता, केवळ हालचाल थांबवणारे औषध देऊन करण्यात आली, कारण इतक्या लहान जिवाला वेदना जाणवत नाहीत असा तेव्हा अनेक डॉक्टरांचा समज होता. बाळ गेल्यानंतर आईला हे कळले, तेव्हा तिने तो विषय लावून धरला. त्याच सुमारास झालेल्या संशोधनाचीही जोड मिळाली, आणि १९८७ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिली पाहिजे, असे जाहीर केले. आज तुम्ही विचारायचे ते इतकेच, की टाचेतून रक्त घेताना वेदना कमी करण्यासाठी इथे काय करतात आणि त्या वेळी मला जवळ थांबता येईल का. बाळाला आईच्या दुधाचे थेंब किंवा मोजून साखरेचे पाणी देतात; ते काम मात्र सिस्टरांचेच, स्वतः काही देऊ नका.

सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे "हात धुतलेत का?" तो मलाही एका आजोबांनी विचारला होता. मला राग आला, आणि मी जाऊन हात धुतले.

तुम्ही आजच विचारावी अशी गोष्ट म्हणजे डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख. जन्मवेळी १,२०० ग्रॅमहून कमी वजन असलेल्या बाळाची ही तपासणी जन्मानंतर दोन ते तीन आठवड्यांतच व्हावी लागते, आणि तुमचा अठरावा दिवस चालू आहे.

प्रश्न : आमच्या मुलाला तीन-चार दिवसांत घरी सोडणार आहेत. डॉक्टर म्हणतात तो तयार आहे. आम्ही तयार नाही, हे कसे सांगावे?

उत्तर : याच शब्दांत सांगा. सोडण्यापूर्वी एक-दोन रात्री बाळाजवळ राहून सगळे स्वतः करण्याची, पण हाक मारली की सिस्टर येतील अशी, व्यवस्था करता येईल का ते विचारा. औषध सुईविना सिरिंजमध्ये तुम्ही भरा आणि त्यांना पाहायला सांगा, ०.४ मिलीची रेघ कोणती, हे रात्री दोन वाजता एकट्याने शोधण्यापेक्षा तिथे चुकलेले बरे. श्वास थांबल्यास काय करायचे ते बाहुलीवर करून दाखवायला सांगा. श्रवण तपासणी झाली का, पुढील भेट केव्हा, आणि मध्यरात्री फोन कोणत्या क्रमांकावर करायचा, हे तिन्ही डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याखेरीज निघू नका.